चित्रातला नोकर आणि त्याचे वकील

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या चित्रकारांनी आपल्याकडच्या हुजऱ्यांची, आयांची, भिश्त्यांची, खानसाम्यांची भरपूर चित्रं काढली. त्या चित्रांविषयी कोणी शंका काढली की हल्ली एक ठरावीक उत्तर येतं. ‘साहेबानं निदान नोकराकडे पाहिलं. त्याला चौकटीत मधोमध बसवलं, म्हणजे मानच दिला. शिवाय ही चित्रं नसती तर त्या काळचे कपडे, दागिने, भांडीकुंडी आज आपल्याला कळली असती का? आणि आपल्या सरदार-सावकारांनी, सुधारकांनी तेवढं तरी केलं का?’ हे उत्तर व्याख्यानांत ऐकू येतं, मासिकांत छापून येतं, आणि आमच्या निफाडला चार वाचणारी माणसं बसली की तिथेही निघतं. ऐकायला ते रास्त वाटतं, कारण बोलणारा नोकराची बाजू घेतोय असा भास होतो. प्रत्यक्षात त्यानं वकीलपत्र चित्रकाराचं घेतलेलं असतं. मान, पुरावा आणि ‘आपल्यांनी काय केलं’ हे तिन्ही मुद्दे म्हणून एकेक करून तपासायला हवेत.

मानाच्या मुद्द्यासाठी या प्रकारातलं सगळ्यात दमदार उदाहरण घेतो, म्हणजे कच्चं चित्र शोधून त्यालाच झोडपलं असं कोणी म्हणायला नको. रुडॉल्फ स्वोबोडा हा व्हिएन्नाचा चित्रकार. 1886 साली लंडनमध्ये वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे हिंदी कारागीर प्रेक्षकांसमोर बसून आपापलं काम करून दाखवत. व्हिक्टोरिया राणीनं त्यांतल्या काहींची चित्रं स्वोबोडाकडून काढून घेतली, आणि ती आवडल्यावर त्याला तीनशे पौंड देऊन हिंदुस्थानात धाडलं. 1888 पर्यंत त्यानं इथल्या माणसांची चाळीसच्या वर चित्रं केली. राणीची मागणी स्पष्ट होती. देशातल्या निरनिराळ्या लोकांचे नमुने हवेत, आणि चित्रांचा आकार आधीच्या चित्रांशी जुळता हवा. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाऊस या राणीच्या वाड्यात ती चित्रं भिंतीवर लावली गेली.

स्वोबोडाचा हात तयारीचा होता, यात वाद नाही. बक्षीराम नावाच्या म्हाताऱ्या कुंभाराचा चेहरा त्यानं ज्या निगुतीनं रंगवलाय तो पाहून कोणीही थांबेल. बक्षीरामाचं वय शंभराच्या पुढे आहे असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. पण शंभरी गाठलेला हा कुंभार लंडनला पोचला कसा? त्या प्रदर्शनातले बहुतेक कारागीर आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते, आणि बक्षीरामही त्यांच्यातलाच. तुरुंगाचे अधीक्षक डॉ. जॉन टायलर यांनी त्यांना नेऊन प्रेक्षकांसमोर बसवलं होतं. तुरुंग चित्रात कुठेच दिसत नाही. पूर्वेकडचा एक शांत, भारदस्त म्हातारा तेवढा दिसतो. ज्याला ‘मी बसत नाही’ म्हणायची सोय नव्हती त्याला समोर बसवून काढलेल्या चित्राला मान म्हणायचं असेल, तर मान या गोष्टीची किंमत आपण फारच खाली आणली आहे.

मानाचा मुद्दा कायमचा निकालात काढणारा माणूस त्याच तुरुंगातून आला. पुढच्याच वर्षी याच टायलरांनी राणीच्या चाकरीसाठी दोन खिदमतगार निवडून पाठवले. त्यांतला अब्दुल करीम हा आग्र्याच्या तुरुंगात कारकून होता. जून 1887 मध्ये तो राणीच्या जेवणाच्या टेबलाशी वाढायला उभा राहू लागला. आपण लेखणीवर पोट भरणारे, आपल्याला हे वाढप्याचं काम दिलं, हे त्याला लागलं आणि तसं त्यानं बोलूनही दाखवलं. 1888 मध्ये राणीनं त्याला मुन्शी केलं. त्याच्याकडून ती हिंदुस्तानी शिकू लागली होती. त्याच वर्षी स्वोबोडानं त्याचंही चित्र रंगवलं. आणि हा माणूस मुन्शी झाला तेव्हा राणीला वाढतानाचे त्याचे जे फोटो होते ते नष्ट करण्यात आले.

चित्रातल्या नोकराच्या वकिलांनी या घटनेचा अर्थ सांगावा. ज्या शेकडो नोकरांची चित्रं निघाली त्यांत आपल्या चित्राविषयी बोलण्याइतकी सत्ता हातात आलेला असा हा जवळजवळ एकटाच. त्याच्या नव्या दर्जाला शोभेना म्हणून पुसलं गेलं ते नेमकं कोणतं चित्र? हातात ताट असलेलं. चौकटीतला नोकर ‘किती शोभून दिसतो’ हे पाहणाऱ्याला वाटत असतं. खुद्द त्या माणसाला तो शोभेचा भागच टोचत होता. पुढे 1901 मध्ये राणी वारली, आणि तिच्या मुलाच्या हुकमावरून करीमच्या घरी असलेली राणीची पत्रं जाळली गेली. स्वोबोडाचं चित्र मात्र शाबूत राहिलं. कारण उघड आहे. चित्र राजघराण्याचं होतं, पत्रं करीमची होती.

पुराव्याच्या मुद्द्यासाठी मुंबईत यावं लागतं. विल्यम जॉन्सन हा मुंबईतला इंग्रज छायाचित्रकार, 1854 साली इथे स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या पहिल्या मंडळींपैकी. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड त्यानं काढले, एक 1863 मध्ये, दुसरा 1866 मध्ये. आता फोटो म्हणजे अस्सल पुरावा, असं कोणालाही वाटेल. पण त्या पानांवरची माणसं एका ठिकाणी टिपलेली आहेत, मागची देवळं, घाट आणि झाडं दुसऱ्या ठिकाणची आहेत, आणि दोन्ही कापून जुळवून एक देखावा केलेला आहे. कॅमेऱ्याची ही तऱ्हा, तर कुंचल्याचं काय सांगावं? फ्रान्सचा जेरोम हा पूर्वेकडची दृश्यं रंगवणाऱ्या संप्रदायाचा मोठा माणूस. ज्या गारुड्याच्या चित्रासाठी तो प्रसिद्ध आहे त्यात इस्तंबूलच्या राजवाड्यातल्या निळ्या फरशा आहेत, त्यांच्यापुढे भलतीकडचा खेळ चाललाय, आणि हे सगळं पॅरिसच्या चित्रशाळेत जुळवलेलं आहे. फरशी खरी, अंगरखा खरा, खंजीर खरा, आणि प्रसंग रचलेला.

बरं, कपडे आणि भांडी खरी आहेत असं धरून चालू. नोकराच्या चित्रात पुरावा म्हणून पहिल्यांदा काय हवं? पगार किती, तो महिन्याला मिळतो की सालाला, राहायला कुठे, आजारी पडल्यावर कोण बघतं. यातलं काहीही तैलचित्रात येत नाही. येऊ शकत नाही असं कोणी म्हणेल, तर चित्राला पुरावा म्हणायचा हट्ट त्यानं सोडावा. 1883 मध्ये छापलेला नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा खंड उघडून बघा. साहेबाचंच पुस्तक, साहेबाच्याच सोयीसाठी लिहिलेलं, माणसांना जातवार रकान्यांत बसवणारं. तरी त्यात मजुरीचे दर आहेत, धान्याचे भाव आहेत, सावकारी व्याज आहे. त्या रुक्ष पानांवरून आमच्या गोदाकाठच्या चाकरमाणसाच्या जगण्याचा जेवढा अंदाज बांधता येतो तेवढा एकाही झगझगीत चित्रावरून येत नाही.

या पुराव्यातून काय गळतं याचा एक चांगला नमुना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारातच सापडतो. लॉकवुड किपलिंग 1865 साली तिथे शिकवायला आला. हिंदी कारागिरांची त्यानं सरकारच्या सांगण्यावरून केलेली रेखाटनं आज लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि सुतार-विणकर कामात गढलेले असताना त्यांच्या हातांची ठेवण टिपण्यात त्याचा हातखंडा होता. पुढे लाहोरला असताना हाच किपलिंग स्वोबोडाचा यजमान झाला, आणि भाई राम सिंग यांच्याबरोबर ऑस्बोर्नच्या दरबार दालनाच्या सजावटीतही त्याचा वाटा होता. या किपलिंगच्या मुंबईतल्या घरी एक आया होती, पोर्तुगीज वळणाची कॅथलिक बाई. त्याचा मुलगा रड्यार्ड तिच्याच हातावर वाढला. म्हातारपणी त्यानं आत्मचरित्र लिहिलं, ते 1937 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलं. आया आणि घरचा हिंदू नोकर मुलांना गोष्टी आणि गाणी सांगत, मग कपडे घालून जेवणघरात पाठवताना आईवडिलांशी इंग्रजीत बोला अशी आठवण करून देत. लहानपणी आपण विचार करत होतो तो इथल्याच भाषेत, असं त्यानं मोकळेपणानं लिहिलंय. त्या नोकराचं नाव त्यानं दिलं आहे, मीटा. पुढे नोबेल मिळवणाऱ्या लेखकाला बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईचा उल्लेख मात्र नुसता आया म्हणून येतो.

अशा आया साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीनं विलायतेपर्यंत जात. बोट लागली की काम संपलं. परतीचं तिकीट देण्याचं कबूल करून कित्येकींना तिथेच सोडून दिलं जाई. त्यांच्यासाठी लंडनमध्ये एक आश्रयगृह चालवावं लागलं. हॅकनी भागातल्या त्या घरावर 2022 साली निळी पाटी लागली. बाळाला मांडीवर घेतलेल्या आयेच्या गोड चित्रांना पुरावा म्हणणाऱ्यांनी या परतीच्या तिकिटाचा पुरावा कोणत्या चित्रात आहे तेही दाखवावं.

राहता राहिला ‘आपल्यांनी तेवढंही केलं नाही’ हा मुद्दा. तो टाळ्या घेतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. वाड्यांतल्या मंडळींनी आपल्या चाकरांकडे पाहिलं नाही, हे खरं. पण एकानं कर्तव्य केलं नाही म्हणून दुसऱ्याच्या पुण्यात भर पडत नाही. आणि ‘आपल्यांनी’ म्हणजे कोणी? चित्रच हवं असेल तर जे. जे.मधल्याच जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली तिथले हिंदी विद्यार्थी 1872 पासून अजिंठ्याला जाऊन नकला उतरवत होते, पेस्तनजी बमनजींसारखे. त्यांच्यासमोर सतराव्या लेण्यात आरशात बघणारी राजकन्या होती, तिच्या भोवती चवरी आणि तबक घेतलेल्या दासी होत्या. इथल्या चित्रकारांनी नोकर रंगवले होते, इंग्रज यायच्या हजारभर वर्षं आधी. म्हणजे ‘पाहिलं’ हीच जर थोरवी असेल तर ती युरोपच्या पदरात पडत नाही. अजिंठ्याची दासीही बिननावाचीच आहे. तेव्हा नुसत्या पाहण्याला थोरवी मानणंच चुकीचं.

त्यापलीकडे जाऊन पाहणारे लोक याच मातीत होते, आणि त्यांनी ते शब्दांत केलं. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीनं 1855 साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. दुसऱ्या कोणी तिला समोर बसवून रंगवलं नाही, ती स्वतः बोलली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ 1882 चं. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला 1883 मध्ये, म्हणजे नाशिकचं गॅझेटिअर छापून आलं त्याच वर्षी. त्याच्या चौथ्या प्रकरणात कुणब्याच्या घराचं, त्यातल्या सामानसुमानाचं जे वर्णन आहे ते कोणत्याही तैलचित्राइतकं बारकाईचं आहे. फरक एवढाच की फुले तिथे थांबत नाहीत. हे घर असं का, सारा कोणी वाढवला, सावकारानं काय नेलं, कचेरीत काय गेलं, याचा हिशेब ते लगेच मांडतात. चित्रकारानं नेमका तिथेच हात आखडता घेतला होता. कारण हिशेब मांडला असता तर चित्राचं गिऱ्हाईकच त्यात सापडलं असतं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण चित्रांचे वकील जितके चुकतात तितकाच आमच्यातला एक विरोधकही चुकतो. एडवर्ड सैदचं ‘ओरिएंटलिझम’ हे 1978 चं पुस्तक, त्याच्या मुखपृष्ठावरचं जेरोमचं तेच गारुड्याचं चित्र, हे दाखवून तो सगळं पाप समुद्रापार पाठवतो. साहेबाची नजर वाईट होती, साहेब गेला, विषय संपला. ही सुटका फार स्वस्तात होते. महादेव विश्वनाथ धुरंधर हे कोल्हापूरचे, जे. जे.मध्ये चाळीसएक वर्षं काढलेले, मराठी माणसाला अभिमान वाटावा असे चित्रकार. मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची त्यांची पोस्टकार्डं घरोघरी गेली. 1920 मध्ये ऑटो रॉथफिल्ड या मुलकी अधिकाऱ्याच्या हिंदी स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रं काढली, तीही जात, प्रांत आणि धंद्याच्या नावाखाली. रेषा लोभस आहे आणि हात आपल्याच माणसाचा आहे. तरीही नमुना तो नमुनाच. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या बघा, पगड्यांवरून आणि हत्यारांवरून वेगळ्या केलेल्या. ही सवय साहेबाबरोबर बोटीत बसून गेली नाही.

निफाडपुरतं बोलायचं तर आम्हाला न्यायमूर्ती रानड्यांचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. त्यांचा जन्म इथला, 18 जानेवारी 1842 चा. शाळेतलं पोरही ती तारीख सांगतं. त्या वेळच्या सुइणीचं, त्या घरी पाणी भरणाऱ्याचं नाव कोणी विचारलं तर? ही नावं नोंदवण्याची रीत आपल्याकडे नव्हती, आणि ती पाडण्यासाठी इंग्रजांची परवानगी लागत नव्हती. जुन्या घरांतल्या फोटोंचंही तेच. मधे खुर्चीवर कर्ता पुरुष, शेजारी मुलंबाळं, आणि कडेला अर्धा कापला गेलेला गडी. फोटोच्या मागे सगळ्यांची नावं लिहिलेली असतात. त्याचं सोडून.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. आमच्या तालुक्यात द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या इथे येऊन राहतात. डिपिंग, विरळणी, पेपर लावणं, सगळं त्यांच्या हातचं. काम बहुतेक वेळा उक्तं, एकरावर ठरलेलं. पर्यटनाच्या जाहिरातींत मग फोटो येतो. वेलींची रांग, मावळतं ऊन, डोक्यावर क्रेट घेतलेली बाई. स्वोबोडाच्या राणीला तो फार आवडला असता. एकराचा दर त्यात नाही, मुकादमाचा वाटा नाही, ती मूल घेऊन झोपते ती शेड नाही. फोटो काढणारा आमच्यातलाच, छापणारा आमच्यातलाच, आणि तो पाहून गावाचा अभिमान वाटणारे आम्हीच. साहेबाच्या चित्राची चिरफाड करणारा लेख आपण वाचून खाली ठेवतो, आणि हा फोटो पुढे पाठवतो.

मग करायचं काय? जुनी चित्रं जाळा असं म्हणणारा मी नाही. ती ठेवावीत, नीट दाखवावीत, पण शेजारच्या पाटीवर चित्रकाराच्या शैलीबरोबर समोर बसलेल्या माणसाची हकीकतही असावी. चित्र कोणी मागवलं, माणूस कुठून आणला, त्याला काय दिलं, देखावा कुठे रचला. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहावं. हे अशक्य नाही. पॅरिसच्या 1800 च्या प्रदर्शनात मारी-गिएमीन बनुआ या चित्रकर्तीनं एका काळ्या स्त्रीचं चित्र मांडलं होतं. ती चित्रकर्तीच्या सासरच्या नात्यात घरकाम करणारी, ग्वादलूप बेटावरची बाई. दोन शतकं ते चित्र वंशाच्या नावानं ओळखलं गेलं. 2019 मध्ये पॅरिसमध्येच भरलेल्या एका प्रदर्शनात ते तिच्या नावानं टांगलं, मादलेन. फ्रेंच चित्रकार माने याच्या 1863 च्या ‘ऑलिंपिया’त फुलं घेऊन उभी असलेली मोलकरीण लोर नावाची होती. मानेच्या टिपणवहीत तिचं नाव आणि पत्ताही होता. एवढी वर्षं ती वही फारसं कोणी उघडून पाहत नव्हतं, किंवा पाहूनही ते नाव सांगायच्या लायकीचं मानत नव्हतं.

‘नाव लिहून काय होणार, पोट भरतं का?’ असा टोमणा इथे ठरलेला असतो. नुसत्या नावानं पोट भरत नाही, कबूल. पण नाव लिहिलं की पुढचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, आणि मालकाला अडचण त्या पुढच्या रकान्याचीच असते. 1980 साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला तेव्हा त्यांनी आपली छबी सुधारून मागितली नव्हती. पगार आणि रजा मागितली होती. त्यांची संघटना उभी राहिली, आणि पुढे अनेक वर्षांच्या रेट्यानंतर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम 2008 मध्ये झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2011 चा आहे. त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही.

तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या नोकराचा कैवार घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना एक विनंती. आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, गाव, महिन्याचा पगार आणि सुट्टीचे दिवस एका कागदावर लिहून काढा. 2008 च्या कायद्याखाली 18 ते 60 वयाच्या घरकामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. त्या नोंदणीसाठी काम देणाऱ्याचा दाखला लागतो. तो तिला सही करून द्या, आणि मग स्वोबोडावर बोलायला या.